आणायला जाणारी

होल्टेनबेकच्या ग्लायडिंग क्लबात शनिवारी सकाळी जो कोणी पाऊल ठेवतो त्याला आधी काहीतरी ढकलावं लागतं. विमान ढकला, हँगरचं दार ढकला, विमान तारेने वर खेचणाऱ्या विंचची बॅटरी उतरली असेल तर विंच ढकला. उडायला मिळतं दहा-पंधरा मिनिटं. त्यासाठी माणसं दिवसभर ढकलतात, उन्हात भाजून निघतात, केक कोणी आणायचा यावरून भांडतात, आणि संध्याकाळी सॉसेज भाजता भाजता म्हणतात की काय झकास दिवस गेला. यात काही चुकतंय असं ज्याला वाटतं तो पुढच्या शनिवारी येत नाही. ज्याला वाटत नाही तो मरेपर्यंत येतो.

रोसविटा टीडमान तीसेक वर्षं येत होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं ती उडायला येत नव्हती. उडायचा तो तिचा नवरा एकहार्ट. ती त्याला आणायला जायची.

म्हणजे असं की ग्लायडरला इंजिन नसतं. वर चढणारी गरम हवा सापडली तर ते घारीसारखं गिरक्या घेत शेकडो किलोमीटर जातं, आणि नाही सापडली तर असेल तिथे, कुणाच्या तरी शेतात, बसकण मारतं. मग घरच्या माणसाने गाडीला लांबलचक ट्रेलर जोडून निघायचं, विमानाचे पंख उतरवायचे, सगळं ट्रेलरमध्ये सरकवायचं आणि वैमानिकासकट घरी आणायचं. एकहार्ट जमीन मोजणी खात्यात नोकरीला होता आणि मोजलेल्या जमिनी आतून बघायची त्याला फार हौस होती. त्याने बीटच्या शेतात, बटाट्याच्या शेतात आणि एकदा एका लग्नाच्या मांडवाशेजारी विमान उतरवलं होतं. रोसविटा शाळेची बस चालवायची. ट्रेलर उलटा घेताना तिला मान वळवायचीही गरज पडत नसे. इतक्या वर्षांत तिने एक दिवा फोडला नव्हता, एक रस्ता चुकला नव्हता, आणि "एकहार्टला काय, रोसी येईल," हे वाक्य क्लबात पंचांगासारखं झालं होतं.

मुलं आपापल्या गावी गेल्यावर, तीन उन्हाळ्यांपूर्वी, तिने केकचं ताट टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं की आता तिला शिकायचंय. टाळ्या पडल्या. एकहार्टनेही वाजवल्या; तो क्लबचा मुख्य प्रशिक्षक, त्याला वाजवणं भागच होतं. पण तिला एकटीला वर सोडायची वेळ आली की त्याला तिच्यात काहीतरी सापडायचं. पहिल्या उन्हाळ्यात तिची नजर बाहेरपेक्षा समोरच्या मीटरांच्या काट्यांवर जास्त असायची. दुसऱ्यात ती उतरताना घाई करायची. तिसऱ्यात वळताना पेडलवर तिचा डावा पाय जड पडायला लागला. तिच्या मागून आलेला दातांचा डॉक्टर, ज्याला डावं-उजवं ठरवायलाच थोडा वेळ लागायचा, तो एकटा उडून, सगळ्यांना बिअर पाजून मोकळा झाला. रोसविटा आपली मागच्या सीटवर प्रशिक्षक घेऊन फिरतच होती. मे महिन्याच्या बैठकीत एकहार्टने चष्मा पुसत जाहीर केलं की रोसीचं पुढच्या वसंतात बघू.

रोसविटाची मागणी काही मोठी नव्हती. मागे कोणी नसताना वर जावं आणि परत यावं, एवढंच. या क्लबात अशी तीन उड्डाणं करावी लागतात. तिसरं झालं की सगळे रांगेने येऊन त्या माणसाच्या बसायच्या जागेवर एकेक चापट मारतात, कारण चढती हवा माणसाला सगळ्यात आधी तिथेच कळते आणि ती जागा जागी असावी लागते. मग हातात काटेरी झुडपांचा एक गुच्छ देतात. त्याशिवाय तुम्ही उडलात असं कोणी मानत नाही. रोसविटाने इतक्या लोकांना इतक्या चापट्या मारल्या होत्या की स्वतःची पाळी कधी येणार हा विचार आता तिला बस चालवतानाही यायला लागला होता.

जूनमधल्या त्या शनिवारी आकाश उडायला असं झकास जमून आलं की एकहार्टला न्याहारी गिळवेना. खालून सपाट, वरून फुगलेले ढग एकामागून एक उमलत होते. दोघांनी मिळून त्याचं विमान ट्रेलरमधून काढलं, जोडलं, आणि रोसविटाने रिकामा ट्रेलर पॉपलरच्या झाडांखाली इतर ट्रेलरांच्या रांगेत नेऊन लावला. एकहार्ट पूर्वेकडे पाचशे किलोमीटरची फेरी मारणार होता. तिने त्याच्या पंखाचं टोक धरून धाव घेतली, विंचने तार खेचली, आणि तो वर जाऊन ठिपका झाला. जाताना तो म्हणाला होता की वीब्केबरोबर दोन-चार फेऱ्या मार, पण डाव्या पायाकडे लक्ष ठेव.

वीब्के क्लबातली दुसरी प्रशिक्षक. गुरांची डॉक्टर. आठवडाभर गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी बाई, त्यामुळे तिला कशाचंच फारसं दडपण येत नसे. तिने रोसविटाबरोबर दोन फेऱ्या मारल्या आणि त्यात तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्यांदा उतरल्यावर ती मागच्या सीटवरून बाहेर पडली, रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधायला लागली, आणि ते पट्टे प्रशिक्षक कधी बांधतो हे रोसविटाला चांगलं माहीत होतं.

"एकहार्ट पुढच्या वसंतात म्हणाला होता," रोसविटा म्हणाली.

"वसंत त्याचा असेल. शनिवार माझा आहे."

"आणि डावा पाय?"

"कुठला डावा पाय?" वीब्के म्हणाली, आणि काच खाली केली.

वर गेल्यावर रोसविटाला आधी जाणवलं ते वजन. मागची डॉक्टरीणबाई गेल्यामुळे विमान असं हलकं झालं होतं की तार सुटण्याआधीच ते ढगांकडे बघायला लागलं. मग जाणवली ती शांतता. मागून कोणी घसा खाकरत नव्हतं. कोणी नाकातून तो लांब श्वास सोडत नव्हतं, जो एकहार्ट तिने स्वयंपाकघरात जास्तीचं मीठ घातलं तरी सोडायचा. तिने डावीकडे वळण घेतलं, पाय बघितला, पाय आपला पायासारखा होता. खाली गाव, चर्च, शाळेसमोरची तिची बस. ती उतरली, आणि चाक गवताला लागल्याचं तिला इतकं उशिरा कळलं की तिचाच विश्वास बसेना. वीब्के म्हणाली, पुन्हा जा. ती पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी तिने वर चक्क गाणं म्हटलं, सुरात नव्हे, पण मोठ्याने.

उरलं एक. विंच चालवणारा म्हातारा हिनर्क ती सोडून काटेरी झुडपं तोडायला वेल्डिंगचे हातमोजे शोधत होता. दातांचा डॉक्टर उगाच हाताचे तळवे चोळत होता. आणि तेवढ्यात क्लबच्या स्वयंपाकघरात रोसविटाचा फोन वाजला.

एकहार्ट पूर्वेला आल्टमार्क भागात एका गवताच्या कुरणात बसला होता. ढग विरले, हवा मेली, बाकी सगळं ठीक आहे, शेतकरी जरा घाईत दिसतोय, तू निघ. वीब्के म्हणाली की आधी तिसरं उड्डाण कर, तोवर त्याला गाई मोजू दे, मोजणी खात्यातलाच आहे. सगळ्यांना हे पटलं. रोसविटालाही पटलं. पण तीस वर्षांची सवय पायात असते, डोक्यात नसते. तो शेतात आहे म्हटल्यावर तिचे पाय गाडीकडे चालायला लागले होते. तिसरं उद्या करू, ती म्हणाली, आणि त्याला फोनवर कोणी काही सांगू नका, मी सांगेन. तिने गाडी मागे घेतली, ट्रेलर जोडला, दिवे तपासले आणि निघाली.

वाटभर ती उडतच होती. एल्ब नदीकडच्या सरळ रस्त्यावर ती मनात पुन्हा पुन्हा उतरली, दर वेळी आधीपेक्षा अलगद. चढावावर गाडी जरा ओढत चालली होती. वारा समोरून असेल, असं तिने ठरवलं. एरवी तिने थांबून चारही चाकं बघितली असती.

कुरणात एकहार्ट विमानाच्या पंखाच्या सावलीत बसला होता आणि त्याच्याभोवती एक ट्रॅक्टर गवत उलटत फिरत होता. शेतकऱ्याचं नाव क्वाडे. रविवारी दुपारी पाऊस येणार होता, त्याला त्याआधी गवत वाळवून उचलायचं होतं, आणि त्याच्या कुरणाच्या बरोबर मध्यात हे विमान. तो तोंडाने काही बोलत नव्हता. प्रत्येक फेरीला थोडा जवळ येत होता एवढंच.

आणायला जाणाऱ्याने एक गोष्ट कधी विचारायची नसते: इथे का उतरलास? रोसविटाने ती आयुष्यात विचारली नव्हती, म्हणून एकहार्ट ती न विचारताच सांगत आला होता. आत्ताही तो सांगू लागला. नदीपलीकडे हवा कशी बसली, कुठला ढग कसा फसवा निघाला, दुसरा कोणी असता तर इथपर्यंतही आला नसता. सांगत सांगत त्याने ट्रेलरचं मागचं दार उघडलं आणि बोलायचा थांबला.

ट्रेलर भरलेला होता. आतून एक लाल शेपूट त्याच्याकडे बघत होतं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

रोसविटाने वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती, रंग तिला ओळखीचा होता. "हिनर्कचं लाकडी विमान," ती म्हणाली.

"ते इथे काय करतंय?"

रांगेतले सगळे ट्रेलर पांढरे, लांब, सारखे. त्यांचा तिसरा, हिनर्कचा चौथा. हिनर्कचं विमान दुरुस्तीहून आल्यापासून आतच झोपलेलं. एक विमान आणायला ती दुसरं विमान घेऊन सव्वाशे किलोमीटर आली होती. क्लबात असा एक गाढव पूर्वी होऊन गेल्याची दंतकथा होती. रोसविटा ती नव्या लोकांना दर वर्षी हसत हसत सांगायची.

एकहार्टचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं आता तो नाकातून तो श्वास सोडणार. पण त्याने तिचा हात धरला.

"रोसी, काय झालंय? मुलांचं काही आहे का? आईचं?"

बिचाऱ्याचं गणित बरोबर होतं. ही बाई चुकत नाही, चुकली, म्हणजे कोणीतरी गेलं. त्याला तसं उभं बघून रोसविटाला थाप मारवेना.

"सगळे बरे आहेत. मी आज एकटी उडले. दोनदा."

ट्रॅक्टर एक आख्खी फेरी मारून गेला. एकहार्टने तिचा हात सोडला, ट्रेलरचं दार लावलं, पुन्हा उघडलं, लाल शेपूट अजून तिथेच आहे हे बघितलं. मग त्याच्यातला मुख्य प्रशिक्षक जागा झाला. तो म्हणाला की हेच तो सांगत होता. डोकं ठिकाणावर नसताना माणूस जमिनीवर अशा चुका करतो, हवेत काय करील? चार चाकांचा रिकामा डबा जिला ओळखू येत नाही तिला तिसऱ्यांदा वर सोडायचं की नाही हे उद्या तो ठरवणार होता, वीब्के नाही, आणि आत्ता विचारशील तर उत्तर नाही असं होतं.

चूक तिचीच होती, धडधडीत, पांढरी आणि नऊ मीटर लांब. तिने वीब्केला फोन करून बरोबर ट्रेलर आणायला सांगितलं. पलीकडून सगळा क्लब हसताना ऐकू आला.

मग नवरा-बायको गवतात बसले, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. क्वाडेने शेवटी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला, ट्रेलरमध्ये डोकावला आणि कुरणातल्या विमानाकडे बघितलं.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण तुम्ही न्यायला आलात की अजून एक ठेवायला?"

त्याची बायको रुबार्बच्या देठांचा केक आणि कॉफीचा थर्मास घेऊन बांधावरून आली. शेतात माणूस आकाशातून पडला की त्याला खायला घालायचं असतं, एवढं तिला कळत होतं, कुणी काही का पाडलेलं असेना. तिने दोघांच्या हातात बशा दिल्या, दोघांमधल्या त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "तुमच्यात वैमानिक कोण?"

एकहार्टने तोंड उघडलं.

"दोघंही," रोसविटा म्हणाली.

"हो का?" क्वाडेबाई म्हणाली. "मग तर घरी फारच भांडणं होत असतील," आणि नवऱ्याला गोठ्याकडे घेऊन गेली.

ऊन उतरायला लागलं होतं. केक आंबट होता आणि चांगला होता. रोसविटाने बशी गवतात ठेवली. तिला राग आला होता, आणि तो आजचा नव्हता, बऱ्याच शेतांमधून गोळा होत आलेला होता.

"ट्रेलरची चूक माझी," ती म्हणाली. "त्यासाठी सगळे आयुष्यभर हसा. पण आता खरं सांग. माझा डावा पाय जड आहे?"

एकहार्ट केकच्या चुऱ्याकडे बघत राहिला.

"एकहार्ट."

"नाही."

"कधीपासून नाही?"

"कधीच नव्हता." त्याने चष्मा काढला. "तू चांगली उडतेस, रोसी. दोन वर्षांपूर्वीच सोडायला हवं होतं. दर वेळी पट्टे बांधायला हात लावतो, आणि माझा हात मागे येतो."

"मी पडेन म्हणून?"

"पडशील कशाला? तुझं उतरणं माझ्यापेक्षा बरं आहे." त्याने हाताने कुरणाकडे, विमानाकडे, लांबवर दिसणाऱ्या रस्त्याकडे असं काहीतरी दाखवलं. "मी इतक्या लांब का जातो माहितीये? तू येतेस म्हणून. हवा मेली तर मेली, रोसी येईल. तू वर गेलीस की मी खाली उभा राहणार. मला ते येत नाही गं. मान वर करून उभं राहणं. मला जमणार नाही ते."

रोसविटाने त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं सरकारी जमीन मोजलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट त्याला तीन उन्हाळ्यांत मोजून सांगता आली नव्हती. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात थर्मास घालावासा वाटला.

"मला जमतं का, हे कोणी विचारलं होतं?" ती म्हणाली.

त्याने आपल्या बशीतला उरलेला केक तिच्या बशीत ठेवला, ज्याला त्यांच्या घरी बराच अर्थ असतो, पण उद्याचं काय ते तो बोलला नाही.

वीब्के आली ती दातांच्या डॉक्टरला घेऊन, बरोबर ट्रेलर मागे लावून, आणि गालातल्या गालात हसून हसून दुखणारं तोंड घेऊन. चौघांनी मिळून पंख उतरवले, क्वाडेने शेपटीला हात लावला, आणि दोन गाड्या दोन भरलेले ट्रेलर घेऊन वरातीसारख्या एकामागून एक होल्टेनबेककडे निघाल्या. एकहार्ट रोसविटाच्या शेजारी बसला होता. ढगांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. क्लबात पोचल्यावर विमान हँगरमध्ये ठेवून त्याने रिवाजाप्रमाणे आणायला आलेल्यांना जेवण दिलं, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड, आणि हिनर्कने आपलं विमान परत आल्याबद्दल छोटं भाषण केलं. त्या विमानाचा पाच वर्षांतला तो सगळ्यात लांबचा प्रवास होता, म्हणाला.

रविवारी सकाळी रोसविटा उठली तेव्हा एकहार्ट आधीच मैदानावर गेला होता. पश्चिमेला क्षितिजावर पावसाची राखी रेघ होती, पण डोक्यावर अजून निळं होतं. सगळे विंचजवळ गोल उभे राहिले. मुख्य प्रशिक्षकाने वारा सांगितला, पावसाची वेळ सांगितली, कालचा केक कोणी उघडा ठेवला याची चौकशी केली. रोसविटा बुटाच्या टोकाने गवत उकरत होती. नाव नाही आलं तर मुकाट्याने केक कापायला जायचं, असं तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं, आणि आता तिच्या लक्षात आलं की ते तिला मुळीच जमणार नाही, ती इथेच उभी राहून रडेल.

"पहिलं उड्डाण रोसी," एकहार्ट म्हणाला. "एकटी. तिसरं." मग घसा खाकरून म्हणाला, "मी आज उडणार नाही."

त्याने मागच्या सीटचे पट्टे स्वतः बांधले. त्याला त्यात इतका वेळ लागला की हिनर्कने विंचवरून रेडिओवर विचारलं, कोणाला आत शिवून टाकताय का. मग त्याने पंखाचं टोक उचललं, आणि तार ताणल्यावर तिच्या बाजूने धावला, साठीतला माणूस, जेवढं धावता येईल त्याहून चार पावलं जास्तच.

तिला तीन वळणं घेऊन उतरायचं होतं. पण वाळूच्या खाणीवर विमान खालून कोणीतरी हात द्यावा तसं उचललं गेलं, आणि रोसविटाला ते बरोबर त्याच जागी कळलं जिथे कळतं. तिने रेडिओवर विचारलं काय करू. वीब्के म्हणाली, चढतंय तर राहा वर, मैदान नजरेआड करू नकोस. रोसविटाने विमान एका पंखावर कलतं केलं आणि गिरकी धरली. गाव लहान होत गेलं. दुसऱ्या गिरकीत एक घार तिच्या बरोबरीने आली, तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि आपल्या कामाला लागली. इतकी वर्षं एकहार्ट घरी येऊन जे सांगायचा आणि ती भांडी घासता घासता हं हं म्हणायची, ते सगळं खरं होतं. त्याने सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच चांगलं होतं.

किती वेळ गेला हे तिने बघितलं नाही. अर्धा तास सहज गेला असेल. एका गिरकीत मैदान पंखाच्या टोकाखाली आलं आणि तिथे तिला हिरव्यात एक बारीकसा माणूस चालताना दिसला. लांब लांब टांगा टाकत, जमीन मोजत चालल्यासारखा. ती चाल तिने जगात कुठेही ओळखली असती. माणूस पॉपलरखालच्या ट्रेलरांकडे गेला. त्याने एकाचं मागचं दार उघडलं, वाकून बघितलं, लावलं. दुसऱ्याचं उघडलं, वाकून बघितलं, लावलं. तिसऱ्याचं उघडलं आणि आत पार कमरेपर्यंत शिरला. मग तिची गाडी मागे आली, ट्रेलर जोडला गेला, आणि माणूस गाडीत जाऊन बसला. गाडी हलली नाही. तिथेच उभी राहिली, तोंड रस्त्याकडे करून.

हजार मीटर उंचीवर एकटी बसलेली रोसविटा खो खो हसत सुटली. मैदान तिच्या खाली होतं, ती दगडासारखी पडली असती तरी कुंपणाच्या आतच पडली असती, आणि तिचा नवरा तिला आणायला निघून बसला होता. हसता हसता डोळे भरले तेव्हा तिने स्वतःला दम दिला की बाई, काच पुसायला इथे कोणी येणार नाही, समोर बघ.

पावसाची रेघ जवळ आली तशी ती खाली आली. उतरली ती अगदी बेताची, एक उसळी मारून. सगळे धावत आले आणि रांग लागली. वीब्केने गाई हाकायच्या हाताने चापट मारली. दातांच्या डॉक्टरने आधी माफी मागून मारली. हिनर्कने हातमोजे घालून काट्यांचा एवढा मोठा भारा दिला की तो धरायला तिला त्याचेच मोजे उसने घ्यावे लागले. रांग संपली. एकहार्ट नव्हता.

ती तो भारा घेऊन पॉपलरखाली गेली. गाडीचं इंजिन चालू होतं. एकहार्टचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

"कुठे निघालास?" तिने विचारलं.

"कुठे नाही."

"मैदानावरच होते मी. दिसत होते ना?"

"सगळा वेळ." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "मला भीती वाटत होती, रोसी. काही कारण नव्हतं. मान दुखली, तरी भीती जाईना. काय करावं सुचेना, म्हणून ट्रेलर जोडला. मग जरा बरं वाटलं." आणि मग त्याने विचारलं, "इतकी वर्षं तू हे कसं केलंस?"

"इंजिन बंद ठेवून," रोसविटा म्हणाली. "डिझेल जळतं."

त्याने इंजिन बंद केलं. ती वळून उभी राहिली आणि म्हणाली की सगळ्यांचं झालंय, त्याची एक राहिलीय. तो खाली उतरला. त्याने मारली ती इतकी हळू की तिला विचारावं लागलं मारलीस का. मारली, तो म्हणाला, आणि त्याचा हात तिथून पाठीवर जाऊन राहिला, बराच वेळ, सगळा क्लब बघत असताना.

मग त्याने विचारलं, पाऊस थांबला तर दुपारी पुन्हा जाणार का.

"जाणार."

एकहार्टने आकाशाकडे बघितलं, मग दार उघडून पुन्हा गाडीत बसला.

"मग मी इथेच आहे," तो म्हणाला. "केकचा तुकडा आणून दे."